पाऊस दोन्ही घरांवर पडतो: वचन धरून रोज जगायचं कसं, पायरी पायरीने

जय ख्रिस्त. आमच्या घरी फ्रिजवर एक छोटी प्लास्टिकची डबी असते, आत बायबलमधल्या वचनांच्या बारीक गुंडाळ्या, बऱ्याच ख्रिस्ती घरांत असते तशीच. ज्या महिन्यात मिस्टरांची नोकरी गेली त्याच्या पुढच्या महिन्याच्या चार तारखेला, म्हणजे घराचा हप्ता कापला जायच्या आदल्या रात्री, मी ती डबी घेऊन ओट्यापाशी उभी होते. एक गुंडाळी काढली, वाचली, मन भरलं नाही म्हणून परत ठेवली, दुसरी काढली, मग तिसरी. चौथी उघडताना हात थांबला. मी वचन वाचतच नव्हते, मनासारखी चिठ्ठी निघेपर्यंत चिठ्ठ्या काढत बसले होते.

त्या रात्रीपासून आमचं घर वचन वाचायला नव्याने शिकलं. चर्चच्या मंडळीतल्या बहिणी नेहमी विचारतात की ताई तुम्ही नेमकं काय केलंत, कारण दर वेळी अर्धंच सांगून होतं, उपासना संपल्यावर चहाच्या गडबडीत किती बोलणार, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढतेय. मी पाळक नाही, थिऑलॉजी शिकलेली नाही, ठाण्यात वागळे इस्टेटला अकाउंट्सचं काम करते आणि कोपरखैरणेला राहते. पण जे लिहितेय ते सगळं करून बघितलेलं आहे.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. मत्तय ७ मध्ये, म्हणजे बायबलमधल्या मत्तयच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात, प्रभू येशूने दोन घरांचा दाखला दिलाय, एक खडकावरचं आणि एक वाळूवरचं. लहानपणी संडे स्कूलला ॲक्शन करून शिकलेला, त्यामुळे आपण तो नीट वाचतच नाही. आता वाचा. पाऊस दोन्ही घरांवर पडला, पूर दोन्हीकडे आला, वारा दोन्हींवर आदळला. आणि दोघांनी वचन ऐकलं होतं! फरक एवढाच की एकाने ऐकून तसं केलं, दुसऱ्याने नुसतं ऐकलं. लूक ६ मध्ये अजून एक बारीक गोष्ट आहे, पहिल्याने खोल खणलं. नवी मुंबईत राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, खाडीलगतच्या जमिनीवर टॉवर उभा करायचा तर आधी किती महिने नुसतं पायलिंग, म्हणजे पायाचे खांब जमिनीत खोल ठोकणं, चालतं, धाडधाड आवाज येतो पण पत्र्याच्या कंपाऊंडवर काहीच दिसत नाही. वचनातली सुरक्षितता तशीच तयार होते, एकेक वचन हातापायात उतरवत. नुसत्या वाचनाने धीर येतो तो दोन तास टिकतो, हे मी डबीवाल्या रात्री बघितलंय.

पायरी १: भीती कागदावर उतरवा

एक साधी शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर भीती लिहा, पण नेमकी. "काहीतरी वाईट होईल" असं लिहू नका, त्याला धरता येत नाही. मी लिहिलं होतं, "पाच ऑक्टोबरला खात्यात चोवीस हजार नसतील." बघा, आता तिला तारीख आहे, आकडा आहे. मत्तय ६ मध्ये प्रभू चिंतेबद्दल बोलतो तेव्हा तोही नाव घेऊनच बोलतो, काय खाऊ, काय पिऊ, काय पांघरू. आणि शेवटी म्हणतो की ज्या त्या दिवसाचं दुःख त्या दिवसाला पुरे, म्हणजे दुःखच नाही असं तो म्हणत नाही, फक्त उद्याचं आज उचलू नका म्हणतो.

मग त्याच पानाचे दोन भाग करा, एकीकडे माझ्या हातात काय आहे आणि दुसरीकडे काय नाही. नहेम्या ४:९ (अध्याय ४, ओळ ९) आम्हाला इथे फार उपयोगी पडलं, यरुशलेमचा कोट बांधताना शत्रू चालून येतो म्हटल्यावर त्यांनी देवाची प्रार्थना केली आणि पहारेही बसवले. दोन्ही. आमचा पहारा म्हणजे हप्ता चुकायच्या आधी स्वतः बँकेत जाऊन सांगणं, पीएफचे कागद काढणं, मुलीच्या क्लासवाल्यांशी बोलणं. काही जणांना वाटतं असं केलं म्हणजे विश्वास कमी पडला, तर नहेम्याचं पुस्तक एकदा पूर्ण वाचा, १३च अध्याय आहेत.

पायरी २: कुठलं बायबल आणि कुठून सुरुवात

मराठीत वचन येऊन दोनशेच्या वर वर्षं झाली, विल्यम केरी या मिशनऱ्यांच्या बंगालमधल्या सेरामपूर छापखान्यातून मराठी नवा करार १८११ साली निघाला. पंडिता रमाबाईंनी तर केडगावला मुक्ती मिशनचा एवढा मोठा पसारा सांभाळत अख्खं बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणलं, साध्या बायकांना कळावं म्हणून, १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ ला ते छापून आलं. हे आठवलं की माझ्या हातातलं पुस्तक मला नुसतं टेबलावर ठेवून देववत नाही.

आपण काय करायचं तर दोन भाषांतरं जवळ ठेवायची. बायबल सोसायटीचं नेहमीचं पवित्र शास्त्र, जे चर्चमध्ये वाचतात, ते पाठांतराला, कारण त्याला लय आहे आणि सगळ्यांच्या तोंडात तेच आहे. आणि अर्थ लागत नसेल तेव्हा सोप्या मराठीतलं एखादं, फोनवरच्या बायबल ॲपमध्ये मराठीच्या एकाहून जास्त आवृत्त्या फुकट मिळतात. कॅथलिक घरांत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल असतं, त्याची मराठी फार गोड आहे. त्यांच्याकडे ७३ पुस्तकं आणि आमच्याकडे ६६, पण मी खाली जे सांगतेय ते सगळं दोन्हींत आहे, त्यामुळे तो वाद इथे नको.

उत्पत्तीपासून सुरू करू नका. उत्साहात सुरू होतं आणि लेवीय या नियमांच्या पुस्तकात गाडी अडकते, मग वाटतं आपल्याला जमतच नाही. मार्कपासून करा, १६ अध्याय, सगळ्यात लहान शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाचं पुस्तक. रोज एक अध्याय आणि सोबत एक स्तोत्र. बस.

पायरी ३: वेळ शोधू नका, जागा ठरवा

पहाटे चारला उठून तासभर वाचणाऱ्या मावश्या मी बघितल्यात, देव त्यांना आशीर्वाद देवो, पण दोन डबे, पाणी, मुलीची रिक्षा आणि ८:१२ ची गाडी असणाऱ्या बाईला ते रोज होत नाही आणि मग अपराधी वाटत राहतं. माझी जागा ट्रान्स हार्बर लोकलच्या लेडीज डब्यात आहे. कोपरखैरणेला चढले की घणसोली, रबाळे येईपर्यंत वाचते, रबाळेनंतर फोन बॅगेत टाकते आणि ऐरोली, दिघा, ठाणे असं जे वाचलं त्यातलं एकच वाक्य तोंडात घोळवते. उभं राहायला मिळालं तरी चालतं, वाक्य घोळवायला सीट लागत नाही.

हे घोळवणं मी मनाने काढलेलं नाही. स्तोत्र १ मध्ये धन्य पुरुष रात्रंदिवस नियमशास्त्राचं मनन करतो असं आहे, तिथल्या हिब्रू शब्दाचा अर्थ तोंडातल्या तोंडात पुटपुटणं असा आहे, आणि यशया ३१:४ मध्ये तोच शब्द शिकारीवर बसून गुरगुरणाऱ्या सिंहाला वापरलाय. मनन म्हटलं की आपल्याला डोळे मिटून शांत बसणं वाटतं. तो तर हाड चघळत गुरगुरणारा सिंह आहे! तेव्हापासून मी गर्दीत ओठ हलवायला लाजत नाही.

पायरी ४: वचनाचा पत्ता विचारा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे आणि आपल्या लोकांत सगळ्यात जास्त चूकही इथेच होते, म्हणून जरा थांबून सांगते.

नवी मुंबईत कोणी नुसतं "प्लॉट नंबर १२" सांगितलं तर तुम्ही पोचाल का? आधी नोड, म्हणजे उपनगर, पाहिजे, मग सेक्टर, तेव्हा कुठे प्लॉट सापडतो, कारण प्लॉट नंबर १२ प्रत्येक सेक्टरला असतो. वचनाचं तसंच आहे. स्टेटसला टाकलेलं एक वचन म्हणजे नुसता प्लॉट नंबर. त्याला तीन गोष्टी विचारा: कोण बोलतंय, कोणाला बोलतंय, त्या वेळी चाललं काय होतं. त्यासाठी वरचा एक आणि खालचा एक अध्याय वाचला तरी पुष्कळदा पुरतं.

यिर्मया २९:११ घ्या, देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचे विचार आहेत, अनिष्टाचे नाहीत, पुढे आशा आहे, असं सांगणारं. वाढदिवसाच्या केकपासून दुकानाच्या उद्घाटनापर्यंत सगळीकडे असतं. आता पत्ता काढा. ते पत्र आहे, बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, कैद करून नेलेल्या लोकांना. बरोबर आधीच्या दहाव्या ओळीत देव म्हणतो की ७० वर्षांनी तुम्हाला परत आणीन. सत्तर! आणि त्याच्या मागच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगत होता की दोन वर्षांत सगळं ठीक होईल, आणि देवाने त्याला खोटा ठरवलं. म्हणजे हे वचन ज्यांनी पहिल्यांदा ऐकलं त्यातले पुष्कळ जण घरी परतणार नव्हते. मग त्यांनी तोवर काय करायचं? पाचव्या ते सातव्या ओळीत आहे, घरं बांधा, बागा लावा, लेकरांची लग्नं करा, आणि ज्या नगरात आणलंय त्याच्या हितासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. आम्हीही नगर जिल्ह्यातून इकडे आलेली माणसं, ते वाचल्यावर मी पहिल्यांदा नवी मुंबईसाठी मनापासून प्रार्थना केली. वचन लहान नाही झालं, उलट दोन महिन्यांत नोकरी लागेल या आशेपेक्षा कितीतरी मोठं निघालं.

फिलिप्पै ४:१३, ख्रिस्त सामर्थ्य देतो म्हणून मी सगळं करू शकतो, हे मुलं परीक्षेला जाताना म्हणतात. म्हणू देत. पण प्रेषित पौल ते पत्र कैदेतून लिहितोय आणि आधीच्या ओळीत म्हणतो की पोटभर खायला असताना आणि उपाशी असतानाही कसं राहायचं ते मी शिकलोय. शिकलोय, हा शब्द बघा. त्यालाही शिकावं लागलं.

आणि स्तोत्र ९१. कोरोनात हे दारांवर चिकटवलेलं मी बघितलं, आमच्याही दारावर होतं. ते खरं आहे, मला अतिशय प्रिय आहे. पण मत्तय ४ मध्ये सैतानाने प्रभू येशूला मंदिराच्या शिखरावर नेऊन हेच स्तोत्र ऐकवलं, उडी मार, दूत तुला झेलतील, असं लिहिलंय ना. प्रभूने उडी मारली नाही, देवाची परीक्षा पाहू नको म्हणाला. वचन तेच, पण ते गळ्यात ताईतासारखं बांधून स्वतःहून धोक्यात शिरणं वेगळं आणि खरोखर धोका आला तेव्हा त्या देवाच्या पंखाखाली जाणं वेगळं. आमच्या ओळखीच्या एका काकांनी हेच वचन म्हणत शुगरच्या गोळ्या बंद केल्या होत्या. त्याबद्दल खाली लिहिते.

पायरी ५: पाठ करा, मोठ्याने

माझी आई शेवटच्या आजारपणात चष्म्यानेही वाचू शकत नव्हती. हॉस्पिटलच्या खिडकीतून पारसिकचा डोंगर थोडासा दिसायचा, पावसाळ्यातला हिरवा. एक दिवस ती त्याच्याकडे बघत स्तोत्र १२१ म्हणायला लागली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आठही ओळी, मध्ये ऑक्सिजनचा मास्क सरकवून श्वास घ्यायची आणि पुढची ओळ धरायची. गावच्या मिशन शाळेत दुसरी-तिसरीत पाठ केलेलं. साठ वर्षं आत होतं. मी तिच्या उशाशी फोनवर तेच स्तोत्र शोधत होते आणि माझं नेट चालत नव्हतं.

तर स्तोत्र १२१ पासून सुरू करा. त्या आठ ओळींत राखणे, सांभाळणे याचा मूळ शब्द सहा वेळा आलाय, देव राखतो, राखणारा झोपत नाही, असं फिरून फिरून. ते वाटसरूंचं गाणं आहे, १२० ते १३४ ही १५ स्तोत्रं यरुशलेमला सणाला चालत जाणाऱ्यांची आरोहणगीतं. आणि शेवटची ओळ तर रोज लोकलने जाणाऱ्यांचीच आहे, तुझं जाणं आणि तुझं येणं परमेश्वर राखील. आम्ही ती दारात चपला घालताना म्हणतो, मुलगीसुद्धा.

पद्धत सांगते. एका आठवड्याला एक किंवा दोनच ओळी, जास्त नाही. पहिल्या दिवशी हाताने वहीत लिहा. मग पोळ्या करताना, कपडे वाळत घालताना मोठ्याने म्हणा, मनातल्या मनात म्हटलेलं लवकर पुसलं जातं. रविवारी घरातल्या कोणाला तरी म्हणून दाखवा, चुकलं तर त्यांनी दुरुस्त करायचं. गाणं येत असेल तर अजून सोपं, आपलं उपासना संगीत हे गीतांचं पुस्तक घ्या, रेव्हरंड टिळकांची गीतं त्यात आहेत, अभंग-ओवीच्या वळणाची, ती जिभेवर आपोआप बसतात.

पायरी ६: तक्रार करायला शिका

प्रार्थनेत आपण फार सभ्य असतो. "प्रभू तुझे आभार, तू चांगला आहेस," आणि आत सगळं पेटलेलं. स्तोत्र १३ उघडा, सुरुवातीलाच चार वेळा कोठवर, कोठवर असं विचारलंय. स्तोत्र ८८ तर अंधारावरच संपतं, शेवटी एकही गोड ओळ नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. देवाने ही रडगाणी स्वतःच्या ग्रंथात ठेवून घेतली, म्हणजे तुमचंही ऐकायला तो बसलाय.

वहीत चार ओळींची प्रार्थना लिहा, स्तोत्र १३ च्याच चालीने. पहिली ओळ, देवा मला हे सहन होत नाही आणि का. दुसरी, मला तुझ्याकडून नेमकं हे पाहिजे. तिसरी, तू आधी मला कुठे सांभाळलंस. चौथी, म्हणून मी आज एवढं करीन. तिसरी ओळ सुचत नसेल तर रिकामी सोडा, खोटी लिहू नका. माझी एकदा अकरा दिवस रिकामी होती.

पायरी ७: एक वचन, एक काम

आता पायलिंगचा खरा भाग. वाचलेल्यातलं आठवड्याला एक वचन असं निवडा की जे करता येईल, आणि करा.

माझं सांगते. आमच्याकडे घरकामाला एक ताई यायच्या, भांडी आणि लादी, महिना अठराशे. तंगी सुरू झाली तशी मी त्यांचा पगार पाच तारखेवरून दहावर नेला, मग बारावर, हातात असूनही, जवळ असलेले बरे म्हणून. त्या काही बोलायच्या नाहीत. मग एक दिवस ट्रेनमध्ये अनुवाद २४ वाचनात आलं, मजुराची मजुरी त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. रबाळे स्टेशन गेलं, ऐरोली गेलं, मला दुसरं वाक्य घोळवताच येईना. मी रोज देवाला विचारत होते की माझ्या हप्त्याचं काय, आणि माझ्या दारात एक बाई माझ्याकडे तेच मागत उभी होती. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला, खात्यात फार थोडे असताना, सगळ्यात आधी त्यांचे पैसे दिले, आणि उशिराबद्दल माफी मागितली. त्यांनी नोटा पदराला बांधल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, पोराच्या क्लासची फी भरायची आजच शेवटची तारीख होती." त्या रात्री मी कित्येक आठवड्यांनी सलग झोपले. पैसे तर कमी झाले होते.

तेव्हापासून मला वाटतं की देव माझं बघेल हे खरं मानायचं असेल तर आधी तसं वागून बघावं लागतं, मग मन मागून येतं.

ऑफिसचं थोडक्यात सांगते, खोटी बिलं लावू नका, न केलेला प्रवास दाखवू नका, आणि दुसऱ्याने केलं म्हणून त्याच्यावर प्रवचन देऊ नका. लूक १९ मधला जकातदार जक्कय प्रभू त्याच्या घरी आल्यावर काय बोलला, तर अर्धं धन गरिबांना देतो आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत करीन. त्याची साक्ष हिशोबाच्या वहीतून सुरू झाली, आणि अकाउंट्समध्ये बसणारी म्हणून मला ते फार लागतं.

सोसायटीचं मात्र सगळे विचारतात, गणपतीची वर्गणी, सत्यनारायणाचा प्रसाद, हळदीकुंकू, काय करायचं. याला एकच उत्तर माझ्याकडे नाही, रोमकरांस १४ आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचे ८ आणि १० हे अध्याय घरात एकत्र बसून वाचा आणि आपल्या विवेकाप्रमाणे ठरवा, आणि दुसऱ्या ख्रिस्ती घराने वेगळं ठरवलं तर त्याला कमी लेखू नका. आम्ही पूजेत बसत नाही, हे सगळ्या मजल्याला प्रेमाने सांगून टाकलंय, पण त्या दिवशी पाण्याच्या, जेवणाच्या कामाला मिस्टर पहिले असतात. नाताळात करंज्या आणि नानकटाईचे डबे सगळ्या दारांत जातात. समोरच्या काकू दर वर्षी करंज्या तळायला आमच्याकडे येऊन बसतात, त्यांच्या हातची मुरड मला अजून जमत नाही.

पायरी ८: एकट्याने नाही

आठवड्याला निदान एकदा दोन-तीन माणसांबरोबर वचन वाचा, चर्चची उपासना असतेच पण मी घरातल्या छोट्या प्रार्थनासभेबद्दल बोलतेय, जिथे "या आठवड्यात माझं काय चुकलं" हे बोलता येतं. त्या काळात आमच्या सभेतल्या एका बहिणीने न विचारता महिन्याचे तांदूळ आणून दिले, याकोब २:१५-१६ वाचून झाल्यावर, जिथे लिहिलंय की उपाशी माणसाला नुसतं "सुखाने जा" म्हणून काय उपयोग.

आणि सावध राहा. बिरुयातल्या लोकांचं प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये कौतुक केलंय, कारण पौल सांगतोय ते खरं आहे का हे ते रोज शास्त्रात शोधून बघायचे. पौलाचं तपासलं तर आपल्या वक्त्यांचं तपासायला काय हरकत! जो कोणी म्हणेल की इतके पैसे दिलेत तर नोकरी लागेल, किंवा तुमच्यात पाप आहे म्हणूनच आजार आहे, किंवा औषधं बंद करा, तिथून उठा. मलाही एकाने तोंडावर सांगितलं होतं की तुमचा विश्वास कमी पडतोय म्हणून मिस्टर घरी बसलेत, आणि ते शब्द मनातून काढायला वर्ष गेलं. लूक वैद्य होता, कलस्सै ४:१४ मध्ये पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो, आणि तीमथ्य या तरुण सोबत्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असंही सांगतो. वर म्हटलं त्या काकांना आम्ही हेच दाखवलं, डॉक्टरकडे नेलं, गोळ्या परत सुरू झाल्या, प्रार्थनाही सुरूच आहे.

मनाच्या दुखण्यालाही हेच लागू. झोप उडाली, आठवडेच्या आठवडे कशात रस वाटत नाही, जगणं नको वाटतं, तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. एलीया संदेष्टा १ राजे १९ मध्ये मरण मागत होता तेव्हा देवाने त्याला आधी उपदेश केला नाही, झोपू दिलं, दूताकडून भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं. बोलणं नंतर झालं.

पायरी ९: मी चुकले, आता देव मला ठेवेल का

हा प्रश्न पैशापेक्षा जास्त लोकांना खातो, फक्त कोणी उघड विचारत नाही. योहान १८ मध्ये येशूचा शिष्य पेत्र थंडीत कोळशाच्या शेगडीपाशी शेकत उभा आहे आणि त्या रात्री तीनदा प्रभूला नाकारतो. आता योहान २१ उघडा. पुनरुत्थानानंतरची एक सकाळ, सरोवराचा काठ, प्रभूने स्वतः नाश्ता केलाय, मासे आणि भाकर, आणि कशावर? कोळशाच्या निखाऱ्यांवर. मूळ भाषेतला तो कोळशाच्या विस्तवाचा शब्द नव्या करारात या दोनच जागी आहे. पेत्राच्या नाकात तोच धूर गेला असणार. आणि तिथेच, जेवण झाल्यावर, तीन नकारांना तीन प्रश्न, माझ्यावर प्रीती करतोस का, आणि प्रत्येक वेळी काम सोपवलं, माझी मेंढरं पाळ. त्याने पेत्राला पेत्राच्या लाजेच्या जागीच नेऊन जेवायला घातलं.

म्हणून वहीत एका पानावर चूक लिहा, ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडे जा, भरपाई करता येत असेल तर करा, आणि मग १ योहान ३:२० वाचा, आपल्या मनाने आपल्याला दोषी ठरवलं तरी देव आपल्या मनाहून मोठा आहे. योहान १०:२८-२९ पण सोबत वाचा, मेंढरं त्याच्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही. कोणाची पकड आहे ते बघा, मेंढराची नाहीये.

पायरी १०: उत्तर "नाही" आलं तर

आमचं घर गेलं. आठ महिन्यांनी मिस्टरांना तुर्भ्याला काम लागलं पण पगार निम्मा, हप्ता झेपेना, शेवटी घणसोलीचा फ्लॅट विकून कर्ज फेडलं आणि कोपरखैरणेला भाड्याने आलो. किल्ली द्यायच्या दिवशी मुलीने तिच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा असलेल्या दाराच्या चौकटीचा फोटो काढून घेतला.

त्या आठवड्यात माझं वाचन प्रेषितांची कृत्ये २७ वर होतं. पौलाचं जहाज वादळात, २७६ माणसं, चौदावी रात्र, कोणी धड जेवलेलं नाही. देवदूताने आधीच येऊन सांगितलंय की कोणाच्याही जिवाला धक्का लागणार नाही, फक्त जहाज जाईल. पौल भाकर घेतो, सगळ्यांसमोर आभार मानतो, मोडतो, खातो, आणि मग बाकीचेही धीर धरून खातात. आणि जहाज खरंच फुटतं. कोणी पोहत, कोणी फळ्यांवर, सगळे किनाऱ्याला लागतात. मी हे टेम्पोत बसून वाचलं, मागे आमचं कपाट आणि गाद्या बांधलेल्या, मांडीवर ती वचनांची डबी. दानीएल ३:१७-१८ मधल्या तिघांनीही राजाला तेच सांगितलं होतं, आमचा देव आम्हाला भट्टीतून सोडवू शकतो, आणि न सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. हे "न सोडवलं तरी" तुमच्या वहीत तुमच्या शब्दांत एकदा लिहून ठेवा, पण घाई करू नका, मला ते लिहायला टेम्पोनंतर अजून तीन महिने लागले.

पहिला महिना असा लावा. पहिले १६ दिवस मार्क आणि रोज एक स्तोत्र, निवडायचं सुचत नसेल तर १२१, २३, ४६, १३, २७, ६२, ९१, १३९ ही आलटून पालटून. पुढचे चार दिवस फिलिप्पैकरांस पत्र, चारच अध्याय. नंतर याकोबाचे पाच अध्याय. उरलेल्या दिवसांत मत्तय ५, ६, ७ परत परत. रविवारी वही चाळायची आणि पुढच्या आठवड्याचं एक काम ठरवायचं. दिवस चुकला तर भरून काढायला दोन अध्याय वाचू नका, जिथे होतात तिथूनच पुढे, इस्राएल लोकांनाही रानात मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, त्या दिवसापुरताच मिळायचा, साठवला तर किडायचा. डबी फेकू नका, आमची अजून फ्रिजवरच आहे, फक्त आता गुंडाळी निघाली की मुलगी आधी विचारते, "मम्मी, याचा सेक्टर कुठला?" आणि आम्ही अख्खा अध्याय काढून बसतो.